नाटकात प्रॉपर्टीची खरंच किती गरज असते?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: गावच्या मंडळाचं घरगुती विषयावरचं नाटक बसतंय, पैसे कमी आहेत, दिग्दर्शक म्हणतात की हातातल्या वस्तू नुसत्या अभिनयाने दाखवू, आणि तुम्हाला ते पटत नाहीये. मी कुडाळजवळच्या एका हौशी मंडळात 22 वर्षं प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळतोय. विंगेतून जे दिसलं त्यावरून सांगतो.

आधी दिग्दर्शकांची बाजू घेतो, कारण ती आपल्याच मातीतली आहे. आपल्या कोकणातलं पौराणिक लोकनाट्य, दशावतार बघा. देवळासमोर मांडव, मागे एक पडदा आणि मधे लाकडी बाक. रात्रभराच्या आख्यानाला मांडामांड म्हणून तेवढंच. राजा बसला की ते सिंहासन, राणी आडवी झाली की पलंग, राक्षस वर चढला की डोंगर. लहानपणी आजोबांच्या घोंगडीत शिरून मी कितीतरी जत्रा जागवल्या, पण मला तिथे बाक म्हणून बाक कधी दिसला नाही. युद्धात दोघांच्या हातांत लाकडी तलवारी. त्या एकमेकींवर आपटल्या तर टक् एवढाच आवाज यायचा, पण नेमक्या त्याच क्षणी मृदुंगावर थाप आणि झांज पडायची आणि आमच्या कानांना पोलाद ऐकू यायचं.

पण तिथेही तलवार हातात असतेच, हे विसरू नका. दशावतारी मंडळी वस्तू मोजक्याच ठेवतात आणि ठेवतात त्यांना फार जपतात. पूर्वी सामानाचे पेटारे डोक्यावर घेऊन नट गावोगाव पायी जायचे. ज्याला मैलोन्‌मैल ओझं वाहायचंय तो बिनकामाची वस्तू पेटाऱ्यात टाकत नाही.

आणि एक फरक आहे. दशावतारात काहीच खऱ्यासारखं मांडलेलं नसतं, म्हणून प्रेक्षक सगळंच मनाने भरून घेतो. तुमच्या नाटकात मात्र ओटी आहे, खिडकी आहे, भिंतीवर कॅलेंडर आहे. असं घर मराठी रंगभूमीवर आलं त्यात 1933 सालच्या ‘आंधळ्यांची शाळा’चा मोठा वाटा आहे, त्याआधी बहुतेक काम रंगवलेल्या पडद्यांवर भागायचं. घर खरं दाखवायचं आणि त्या घरातली बाई रिकामी बोटं ओठांशी नेऊन चहा पिते, हे एकत्र नांदत नाही. एकतर घरही काढा, नाहीतर कप द्या.

आता मूळ मुद्दा. प्रॉपर्टी प्रेक्षकाला दाखवण्यासाठी असते असं सगळे धरून चालतात. माझ्या मते ती आधी नटासाठी असते. हे मला एका कळशीने शिकवलं.

आमच्या एका नाटकात नायिका विहिरीवरून पाणी घेऊन येते, कळशी पायरीवर ठेवते आणि तिथेच तिला नवऱ्याची वाईट बातमी कळते. स्टेजवर वायरी होत्या, पाणी सांडायला नको म्हणून कळशी रिकामी ठेवायचं ठरलं. मुलगी गुणी होती. तिने कंबर वाकवली, श्वास जड केला, सगळं केलं. पहिल्या प्रयोगाला ती आत आली आणि पुढच्या रांगेतली एक आजी शेजारणीला म्हणाली, “गो, कळशी रिकामी आसा.” हळूच म्हणाली, पण विंगेत मला ऐकू आलं. जन्मभर पाणी वाहिलेल्या बाईला ते पहिल्या दोन पावलांतच कळलं होतं. मग कळशी पायरीवर टेकली तेव्हा तांब्याचा पोकळ ठण्ण आवाज झाला आणि उरलेल्यांनाही कळलं.

पुढच्या प्रयोगाला मी कळशीत निम्म्यापर्यंत ओली वाळू भरली आणि वर फडकं ठासून बसवलं. त्या मुलीची चाल एकदम बदलली. मोकळा हात आपसूक बाहेर गेला, पाऊल जपून पडायला लागलं, ठेवताना आधी गुडघे वाकले. ठेवल्याचा आवाज बसका आला. आणि मग जे झालं ते कुणीच बसवलेलं नव्हतं. बातमी कानावर पडली तेव्हा तिचा एक हात अजून कळशीच्या काठावरच होता. आधी ती दोन्ही हात तोंडाशी न्यायची. त्या दिवशी तो हात काठावर तसाच राहिला, बोटं हळूहळू आवळत गेली. दिग्दर्शकांनी पुढच्या सगळ्या प्रयोगांत ते तसंच ठेवलं. वाळूला खर्च शून्य आला होता.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार आहेत: आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. वेश, दागिने, शस्त्रं, बनवलेल्या वस्तू हे सगळं आहार्यात मोडतं. म्हणजे वस्तूची गणना थेट अभिनयात केलेली आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच ग्रंथात असंही सांगितलंय की दागिने आणि शस्त्रं जड धातूंची करू नयेत, नट थकतो. हलक्या सामानातून बनवावीत. माझ्या वाळूच्या कळशीशी याचं भांडण नाही. तलवार रात्रभर फिरवायची असते, ती हलकीच हवी. कळशी एक मिनिट येते आणि तिचं वजन हाच तो प्रवेश असतो.

आवाजाचं भान मात्र कायम ठेवा. फळांच्या टोपलीसाठी आम्ही सावंतवाडीची लाकडी फळं आणतो. दिसायला इतकी सुंदर की पहिल्या रांगेलाही फसवतात. पण नटाने त्यातलं एक उचलून टेबलावर ठेवलं की खट्ट वाजतं. म्हणून ती फक्त टोपलीत राहतात. हातात घ्यायचं असेल तर खरं केळं. खाण्याच्या प्रवेशाला केळंच बरं, लगेच गिळता येतं. चकली-लाडू दिलेत की पुढचं वाक्य घशात अडकलंच. दारूच्या जागी कोरा चहा.

पत्र असेल तर कागदावर खरा मजकूर लिहा, तोही नटाला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. आमच्याकडे मुंबईच्या चाकरमान्याचं पत्र घरी येतं असा प्रवेश अनेक नाटकांत असतो. कोऱ्या कागदाकडे बघून म्हणताना नटाचे डोळे ओळींवरून फिरत नाहीत, एका जागी थिजतात. आणि पाठांतर विसरलं तर लिहिलेला कागद हाच प्रॉम्प्टर.

काळ तपासा. नाटक 1985 सालचं असेल तर मुंबईहून आलेला माणूस थेट कुडाळ स्टेशनावर उतरू शकत नाही. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 1998 साली सुरू झाला. त्याच्या हातात एसटीचं तिकीट हवं. जुन्या काळच्या ओटीवर पांढरी प्लास्टिकची खुर्ची दिसली की माझा जीव खालीवर होतो, आणि ती चूक दर वर्षी कुठे ना कुठे दिसतेच.

आपल्या हवेचंही बघा. उघड्या मांडवात रात्री दव पडतं, पुठ्ठ्याचा मुकुट दुसऱ्या अंकापर्यंत मऊ पडतो. पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी ऑइलपेंट मारा किंवा सरळ प्लाय वापरा. कोयता खरा कधीच नको, कितीही बोथट केलेला असला तरी. प्लायचा कापून चंदेरी रंग द्यायचा. कंदिलात वातीऐवजी बॅटरीवरचा छोटा पिवळा दिवा.

पैशांचं म्हणाल तर विकत फारसं काही घेऊच नका. जुन्या घरांच्या माळ्यावर पाट, विळी, कंदील, तांब्याची भांडी धूळ खात पडलेली असतात. मागून आणा. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टी लावून त्यावर घराचं नाव लिहा आणि प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी पुसून स्वतः परत नेऊन द्या. असं केलंत तर पुढच्या वर्षी लोक आपणहून देतात. विंगेत एक टेबल लावा, त्यावर कागद अंथरून प्रत्येक वस्तूची जागा पेनाने आखा. एखादी जागा रिकामी दिसली की ती वस्तू कुणीतरी खिशात घालून मेकअप रूममध्ये गेलंय, हे एंट्रीच्या आधीच कळतं.

एवढं मात्र कराच: वस्तू थेट रंगीत तालमीलाच आणू नका, संहिता हातातून सुटली त्याच दिवसापासून आणा. आणि दिग्दर्शकांशी वाद घालत बसू नका. एक प्रवेश आधी रिकाम्या हाताने करून दाखवा, मग त्याच नटाच्या हातात वस्तू द्या आणि तोच प्रवेश पुन्हा करा. दोन्ही वेळा त्यांना शेवटच्या रांगेत बसवा.