कांगकुंग ही पालेभाजी घरी कढईत परतली की काळी पडते आणि पाणी सुटतं, इथल्या हॉटेलसारखी हिरवीगार कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की सिंगापूरला नवीन आहात, दोन जुड्या आणल्या, नेहमीच्या पालेभाजीसारख्या बारीक चिरून लसणाच्या फोडणीत झाकण ठेवून शिजवल्या आणि काळपट लगदा झाला. मी अकरा वर्षं इथे आहे, आठवड्यातून एकदा तरी ही भाजी करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक गोष्ट, ही भाजी आपल्याला परकी नाहीये. आपल्याकडे वसई-पालघरकडे पावसाळ्यात नाळीची भाजी मिळते ना, तीच ही, बंगाली लोक कलमी शाक म्हणतात ती पण हीच. देठ आतून पोकळ म्हणून नाळ, आणि चिनी नावाचा अर्थ पण पोकळ काळजाची भाजी असाच आहे, मला ते नाव फार आवडतं.

आता पाणी का सुटतं, तर तीन कारणं. पाला ओला असतो, कढई पुरेशी तापलेली नसते आणि एका वेळी खूप घातलेली असते. त्यात झाकण ठेवलं की संपलंच, वाफ आतच राहते आणि भाजी परतली न जाता उकडते. हॉटेलातला वोक, म्हणजे खोलगट चिनी कढई, भट्टीसारख्या आचेवर असतो, घरच्या शेगडीवर ती आच मिळत नाही, त्यामुळे आपण भाजी कमी घ्यायची. 250 ग्रॅम एका वेळी, बास. जास्त माणसं असतील तर दोनदा करा, दोन मिनिटांचं तर काम आहे.

घेताना देठ वाकवून बघा, कट्कन मोडला तर कोवळा, नुसता वाकला तर ठेवून द्या. खालचे दोन इंच टाकून द्यायचे, बाकी बोटाएवढे लांब तुकडे, चिरायची नाही हो बारीक. देठ वेगळे, पानं वेगळी. तीन पाण्यातून धुवायची कारण पोकळ देठात माती बसते, आणि मग चाळणीत अर्धा तास ठेवून वर फडक्याने टिपून घ्यायची, हे मी कधीच चुकवत नाही, अर्धी भाजी इथेच जमते. आणि कच्ची सॅलडमध्ये वगैरे खाऊ नका, साचलेल्या पाण्यात वाढलेल्या पाल्यावर आतड्यातल्या चपट्या जंताचे कोष चिकटलेले असू शकतात, नीट शिजवली की काळजी नाही.

कढई रिकामी तापवा, पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडून गेला पाहिजे, मग दोन चमचे रिफाइंड शेंगदाणा तेल (घाण्याचं इथे नको, फार लवकर धुरावतं), सहा-सात लसूण पाकळ्या नुसत्या ठेचून, दोन लाल मिरच्या. लसणाच्या कडा सोनेरी झाल्या रे झाल्या की देठ टाका, चाळीस सेकंद सारखं हलवत राहा, मग पानं, आणि पानं टाकताना चर्रर्र आवाज आला पाहिजे, तो नाही आला तर कढई थंड आहे असं समजा. पानांनी मान टाकली की लगेच सॉस, एकदा खालीवर आणि गॅस बंद. मीठ शक्यतो घालूच नका, सॉस खारट असतो. लगेच ताटात काढा, लोखंडी कढईत राहिली तर तिथेही काळी पडते, आपली पालेभाजी पडते तशीच.

सॉस कुठला, तर इथली खरी जोडी म्हणजे सांबाल बेलाचान. सांबाल म्हणजे मिरचीचं वाटण, बेलाचान म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी, नखाएवढा तुकडा आधी तव्यावर कोरडा भाजायचा, लाल मिरची आणि छोट्या लाल कांद्यांबरोबर वाटायचा आणि लसणाऐवजी हे वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. वास जबरदस्त येतो, खिडकी उघडी ठेवा, पण घरात जवळा-सुकट खात असाल तर पहिल्या घासातच ओळखीचं वाटेल. तुम्ही शाकाहारी लिहिलंय, तर ऑयस्टर सॉस पण चालणार नाही, तो कालवांचा असतो, मशरूमवाला मिळतो तो घ्या, नाहीतर आंबवलेल्या टोफूचे (सोयाबीनच्या पनीरचे) दोन तुकडे चमचाभर पाण्यात कुस्करून घाला. माझ्या सासूबाई कांदा-लसूण सोडलं तर काही तीव्र वासाचं खात नाहीत पण टोफूवाली त्यांनी भाकरीबरोबर मागून घेतली होती.

भात मात्र आधी करून ठेवा, ही भाजी थांबत नाही.