जीएमला बेकार ठरवायच्या आधी

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू इतका चिडला होतास की मला मधे बोलताच आलं नाही, म्हणून लिहितोय. तुमच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या नव्या जीएमनं (जनरल मॅनेजर, खेळाडू आणणारा-देणारा माणूस) तुमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, विकला, टीम हरतेय, म्हणजे माणूस बेकार, असं तू म्हणालास. अरे थांब जरा. मी डेट्रॉइटजवळ राहतो, इथल्या लायन्स टीमचं सगळं डोळ्यादेखत झालंय.

जानेवारी २०२१ मधे ब्रॅड होम्स जीएम झाला. आमचा क्वार्टरबॅक स्टॅफर्ड इथे १२ सीझन खेळला, प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) एकही मॅच जिंकलो नव्हतो, शेवटी त्यालाच जायचं होतं. होम्सनं त्याला लॉस एंजेलिसच्या रॅम्स टीमला दिला आणि त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, ड्राफ्टमधले (दरवर्षी नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम) पहिल्या राउंडचे २ पिक, म्हणजे निवडीचे हक्क, तिसऱ्याचा १ असं घेतलं. त्या वर्षी आम्ही ३ जिंकलो, १३ हरलो, १ बरोबरीत. पहिला विजय थेट डिसेंबरात, आणि तिकडे रॅम्स सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकून मोकळे! त्या दिवशी मार्क द्यायला सांगितले असते तर मी पण शून्यच दिला असता आणि मी चुकलो असतो.

कारण त्याच हरलेल्या वर्षात ड्राफ्टमधून पनेइ सिवेल आला, आणि चौथ्या राउंडमधे, ११२ व्या पिकवर, अमोन-रा सेंट ब्राउन आला. डिसेंबरातल्या त्या विजयाचा शेवटच्या प्लेवरचा टचडाउन त्याचाच. म्हणून स्कोअरबोर्ड बाजूला ठेव आणि बघ की जुना माणूस देऊन हातात काय आलं, आणि आलेलं पुढे कसं वापरलं. रॅम्सकडून मिळालेला पहिल्या राउंडचा दुसरा पिक ६ वा निघाला, होम्स त्यावर अडून बसला नाही, अ‍ॅरिझोनाच्या टीमशी सौदा करून १२ वर उतरला आणि ३४ वा पिकही मिळवला, त्यातून जहमीर गिब्स आणि सॅम लापोर्टा. एवढ्या वर रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा, गिब्ससारखा) कोण घेतं म्हणून तेव्हा केवढी बोंब झाली होती!

चुका त्याच्याही झाल्यात. तिसऱ्या राउंडमधे क्वार्टरबॅक हेंडन हूकर घेतला, तो काही उभा राहिला नाही. पण त्या चुकीपायी पुढचे पिक उधळले नाहीत, मला हेच मोठं वाटतं. आणि कोच डॅन कॅम्पबेल होम्सच्याच महिन्यात आलेला, दोघांना एकाच जातीचे खेळाडू हवे होते. तुमच्याकडे कोच एक मागतो आणि जीएम दुसरंच आणतो असं असेल तर मात्र तुझा राग रास्त आहे. तिशी उलटलेल्यांना लांबलचक काँट्रॅक्ट देत सुटला असेल तरीही.

जानेवारी २०२४ मधे आमच्या फोर्ड फील्ड स्टेडियमवर त्याच स्टॅफर्डच्या रॅम्सना २४-२३ हरवलं, ३२ वर्षांनी प्लेऑफमधला विजय. मी रडलो रे.

तर तुमच्या क्वार्टरबॅकच्या बदल्यात नक्की कुठले पिक आले आणि कुठल्या वर्षीचे, ते लिहून पाठव, रविवारी मॅचच्या आधी फोन करतो.

तुझा काका