जुन्या घड्याळांच्या शौकिनांच्या सोसायट्यांची मेंबरशिप घेऊन खरंच काही फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की आजोबांचं खिशातलं घड्याळ आणि भिंतीवरचं एक लंबकाचं घड्याळ तुमच्याकडे आलंय, त्यांची माहिती काढायचीय, तर अशा सोसायटीत जाऊन उपयोग होईल की ती नुसती पैसेवाल्या कलेक्टर लोकांची मंडळं असतात. मी बरीच वर्षं एका अशा सोसायटीत आहे आणि उपयोग होतो असंच म्हणेन, फक्त कशासाठी जाताय ते आधी ठरवा.

कारण बाहेरून सगळ्या सारख्याच वाटतात पण तसं नाहीये. अमेरिकेतली नॅशनल असोसिएशन ऑफ वॉच अँड क्लॉक कलेक्टर्स १९४३ पासूनची, पेनसिल्व्हेनियात कोलंबिया गावात त्यांचं म्युझियम आणि लायब्ररी आहे, गावोगावी शाखा आहेत आणि मेंबर लोक ठरलेल्या दिवशी टेबलं मांडून आपसात खरेदी-विक्री करतात. जमवायची हौस असेल तर ही. इंग्लंडमधली अँटिक्वेरियन हॉरॉलॉजिकल सोसायटी १९५३ ची, त्यांचा सगळा जीव इतिहासात, कुठल्या कारागिराने कुठल्या साली काय बनवलं यावर त्यांच्या त्रैमासिकात पानंच्या पानं लिहितात (आणि एकेका स्क्रूवरून वाद घालतात, वाचायला मजा येते). दुरुस्ती शिकायची असेल तर ब्रिटिश हॉरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, १८५८ ची, मुळात घड्याळजींचीच संस्था, घरबसल्या करायचे कोर्सही आहेत. जर्मनी, फ्रान्समध्येही अशा संस्था आहेत, पण मग ती भाषा यायला हवी.

आता हौशी लोक एकत्र येऊन काय करू शकतात ते सांगतो. जॉन हॅरिसन, तोच ज्याने जहाजावर चालणारं अचूक घड्याळ बनवलं, त्याने १७७५ मध्ये लिहून ठेवलं होतं की माझ्या पद्धतीचं लंबकाचं घड्याळ १०० दिवसांत एका सेकंदाच्या आत राहील. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पुढे विसाव्या शतकात काही घड्याळवेड्यांनी त्याचं ते किचकट लिखाण परत उकरून काढलं, मार्टिन बर्जेस नावाच्या कारागिराने त्यावरून घड्याळ करायला घेतलं, ते अर्धवट राहिलेलं नंतर दुसऱ्यांनी पूर्ण केलं आणि २०१५ मध्ये ग्रिनिचच्या वेधशाळेत सीलबंद पेटीत ठेवून त्याची १०० दिवस टेस्ट झाली तर फरक पडला फक्त पाच-अष्टमांश सेकंदाचा! म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचा म्हातारा बरोबर होता. नोकरी म्हणून कोणी हे केलं असतं असं मला नाही वाटत.

तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे ओळख पटवणं. खिशातलं घड्याळ अमेरिकन असेल, वॉल्थम किंवा एल्जिन कंपनीचं, तर नंबरावरून साल निघतं, पण नंबर कुठला ते बघा. त्या काळी मशीन (आतली यंत्रणा) आणि केस (बाहेरची डबी) वेगवेगळ्या कंपन्यांची असायची, गिऱ्हाईक दुकानात मशीन पसंत करायचं आणि मग आवडेल ती केस बसवून घ्यायचं, त्यामुळे झाकणाच्या आत कोरलेला नंबर केसवाल्याचा असतो, त्यावरून मशीनचं साल शोधत बसलात तर भलतंच काहीतरी निघेल. मशीनवरचाच नंबर हवा. झाकणाच्या आत सुईने खरवडल्यासारखी बारीक अक्षरं दिसली तर ती पुसू नका, ती जुन्या घड्याळजींनी दुरुस्तीच्या वेळी केलेली खूण असते, कधी तारीखसुद्धा सापडते. आणि पॉलिश तर अजिबात नको, सोसायटीतले जाणकार ते बघून खरोखर कळवळतात. डायलवरचे आकडे पूर्वी अंधारात चमकायचे असं घरातलं कोणी सांगत असेल तर डायल उघडून खरवडू नका, तो रंग रेडियम या घातक किरणोत्सर्गी धातूचा असू शकतो, चमक गेली तरी रेडियम तिथेच असतं, ते निम्मं व्हायलाच साधारण १६०० वर्षं लागतात.

भिंतीवरच्याचं वेगळं असतं. त्यात मशीन एकाचं, पेटी दुसऱ्याची, लंबक तिसऱ्याचाच असा प्रकार फार, आणि हे फोटोवरून ओळखणारी माणसं फक्त अशा सोसायट्यांतच भेटतात. मशीनच्या मागच्या प्लेटवरचा शिक्का, नंबर, डायल आणि पेटीची मागची बाजू असे फोटो उजेडात काढून ठेवा, डायलला जादा भोकं दिसली तर त्यांचाही काढा, मशीन बदलल्याचा तो पहिला पुरावा.

फुकट व्हॅल्युएशन करून मिळेल या आशेने मात्र जाऊ नका, तिथे किमतीचं विचारलं की लोक गप्प होतात आणि मला ते बरोबरच वाटतं.

माझ्या मते तुम्ही आधी पाहुणा म्हणून एखाद्या मीटिंगला जाऊन या, बऱ्याच ठिकाणी येऊ देतात. तोवर भिंतीवरच्याला किल्ली देऊन चालवून बघायचा मोह आवरा, वर्षानुवर्षं पडून राहिलेलं तेल सुकून त्यात धूळ बसलेली असते आणि चालवलं की तीच आतले भाग घासून खाते. आणि हलवायचं झालं तर आधी लंबक काढून वेगळा गुंडाळा, नाहीतर ज्या पातळ पट्टीवर तो लटकतो ती वाकते किंवा तुटते.