कादंबरी छापा, पण मुलीच्या एफडीला हात लावू नका

ताई, तुमचं पत्र मी आधी आकड्यांसाठी वाचलं आणि मग पुन्हा तुमच्यासाठी. साखर कारखान्याच्या हिशेब विभागातली नोकरी सांभाळून तुम्ही ऊसतोड कामगारांच्या एका कुटुंबावर २८० पानांची कादंबरी लिहिलीत. आठ वर्षांत सात प्रकाशकांकडून ती साभार परत आली. आता एक संस्था २,४०,००० रुपये घेऊन १००० प्रती काढून द्यायला तयार आहे. त्यासाठी ६ लाखांच्या एफडीतले पैसे काढावेत की दागिन्यांवर कर्ज घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही करू नका. पुस्तक मात्र जरूर काढा.

त्या संस्थेच्या प्रस्तावाचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडाल, पण पुस्तक स्वतःचं असलं की हात थरथरतो, म्हणून मीच मांडतो. १००० प्रतींना २,४०,००० म्हणजे प्रत पडते २४० रुपयांना. छापील किंमत ३५०. विक्रेत्याचं कमिशन ४० टक्के धरलं तर तुमच्या हाती प्रतीमागे २१० येतात. म्हणजे दुकानांतून हजारच्या हजार प्रती खपल्या तरी ३०,००० रुपये तोटा. शिवाय त्यांच्या कोटेशनमध्ये आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, ७,००० लावलेत. हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी विनामूल्य देते, लेखक स्वतःच्या नावावरही घेऊ शकतो. आणि करारात अनुवाद, ऑडिओ, चित्रपट असे सगळे हक्क ‘कायमस्वरूपी’ त्यांच्याकडे? खर्च तुमचा आणि हक्क त्यांचे, असा कागद सही करण्याजोगा नाही.

माझ्या वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून कवितासंग्रह काढला होता, १००० प्रतींचा. ते गेल्यावर माळ्यावरचे गठ्ठे मीच खाली उतरवले, निम्म्याहून जास्त प्रती दोरीही न सोडलेल्या. कविता चांगल्या होत्या. चुकला होता तो प्रतींचा आकडा. तेव्हापासून कुणी लेखक भेटला की मी पहिलं विचारतो, किती प्रती?

१९०१ साली लंडनमध्ये बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांची सशाची गोष्ट अनेक प्रकाशकांनी नाकारली. त्यांनी डिसेंबरात स्वतःच्या पैशाने फक्त २५० प्रती छापल्या. त्या संपत आल्यावर फेब्रुवारीत आणखी २००. ऑक्टोबर १९०२ मध्ये एका प्रस्थापित प्रकाशनाने ते पुस्तक बाजारात आणलं. तुम्ही तितक्याच प्रसिद्ध व्हाल असं मी म्हणत नाही. त्यांची छपाईची पद्धत मात्र मला पटते: थोड्या प्रती काढायच्या, त्या खपल्या तरच पुढच्या. डिजिटल छपाईमुळे आज हे आणखी सोपं झालंय.

तुम्हीच कळवलेले स्थानिक दर धरू. २०० प्रती, प्रत १६५ रुपये, म्हणजे ३३,०००. संपादन आणि मुद्रितशोधन २०,०००, मुखपृष्ठ ८,०००, अक्षरजुळणी ९,०००. एकूण ७०,०००. यातल्या चार प्रती कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायच्या, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह. प्रकाशक तुम्ही, म्हणून जबाबदारीही तुमची. परीक्षणासाठी आणि भेटीदाखल सोळा धरा. उरल्या १८०. प्रकाशनपूर्व सवलतीत २८० रुपयांना थेट विकल्या आणि टपालाचे ५० वजा केले, तर ४१,४०० परत येतील. २८,६०० अंगावर. दुसऱ्यांदा २०० छापल्या आणि त्या सगळ्या पूर्ण किमतीला थेट विकल्या, तर टपाल जाऊन २७,००० सुटतील. म्हणजे ३८० प्रती खपूनही १,६०० रुपये तुमच्या खिशातूनच गेलेले असतील.

हे मुद्दाम इतकं उघडं सांगतोय. ही गुंतवणूक नाही, खर्च आहे, आणि माझ्या मते करण्याजोगा खर्च आहे. मात्र तो ७०,००० पूर्ण बुडाले तरी घर हलणार नाही अशा पैशातून व्हायला हवा. मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षांत प्रवेशाची फी येईल. ती एफडी तिची आहे. यजमानांच्या दुकानाचं उत्पन्न मोसमी, त्यामुळे दागिन्यांवरच्या कर्जाचे हप्ते कोरड्या महिन्यात गळ्याशी येतील.

त्याऐवजी पगारातून दरमहा ५,००० ची आवर्ती ठेव सुरू करा. चौदा महिन्यांत ७०,००० जमतील, वर थोडं व्याज. चौदा महिने थांबायचं म्हटल्यावर तुम्हाला कसं वाटेल याची मला कल्पना आहे, आठ वर्षं झालीच आहेत. पण हा काळ रिकामा जाणार नाही. सातपैकी दोन प्रकाशकांनी कारणं लिहून पाठवली, आणि दोघांनीही पहिली साठ पानं रेंगाळतात असंच म्हटलंय. एकमेकांना न विचारता दोन जाणकार एकाच जागी बोट ठेवतात, त्याला मी नकार म्हणणार नाही. ते तुम्हाला फुकट मिळालेलं संपादन आहे. उरलेल्या पाचांच्या छापील चिठ्ठ्यांवरून मात्र स्वतःच्या लेखनाची किंमत ठरवू नका.

नोकरी सोडून पूर्णवेळ लिहावं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. नको. अमीश त्रिपाठी यांची पहिली कादंबरीही वीसेक प्रकाशकांनी नाकारली होती. ती २०१० मध्ये निघाली तेव्हा ते विमा कंपनीत नोकरी करत होते, आणि मानधनाचा धनादेश पगारापेक्षा मोठा झाल्यावरच त्यांनी ती सोडली.

येत्या ५ तारखेला आवर्ती ठेवीचा पहिला हप्ता भरा. संस्थेला लेखी नकार कळवा आणि हस्तलिखिताची त्यांच्याकडची प्रत परत मागा. आठ-दहा हजार जमले की संपादकाला पहिली साठ पानं द्या, सोबत ती दोन पत्रंही. आणि प्रकाशनपूर्व नोंदणी सुरू कराल तेव्हा एक प्रत माझ्या नावावर लिहा, पूर्ण ३५० रुपयांना.