आधी रुग्णाला विचारा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत औषध कोणतं घ्यावं, असं विचारणारी पत्रं थोडीच आहेत. बहुतेकांचा पेच निराळा आहे : सांगावं की लपवावं, सही करावी की थांबावं, माझ्या मुलाचं बघू की सगळ्यांच्या मुलांचं. अशा प्रश्नांसाठी ओपीडीत वेळ मिळत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

प्रश्न : बाबा 71 वर्षांचे आहेत. बायोप्सीत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. ते खचतील, म्हणून त्यांना काही सांगू नका, अशी आम्ही तिघा भावंडांनी डॉक्टरांना विनंती केली. डॉक्टर ऐकायला तयार नाहीत. घरच्यांना एवढाही अधिकार नाही का?

तुमच्या पत्रात बाबांचं वय आहे, रिपोर्ट आहे, तिघा भावंडांचं एकमत आहे. बाबांना काय हवंय, हे मात्र कुठेच नाही. माझं सगळं उत्तर त्या राहून गेलेल्या ओळीबद्दल आहे.

तुमच्या विनंतीमागे माया आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. एके काळी डॉक्टरही असंच वागत. 1961 मध्ये शिकागोतल्या डॉक्टरांची पाहणी झाली तेव्हा सुमारे 90 टक्के डॉक्टरांनी सांगितलं, की आम्ही शक्यतो रुग्णाला कर्करोगाचं निदान सांगत नाही. 1979 मध्ये अमेरिकेत तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. तेव्हा 97 टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत चित्र पार उलटलं. मधल्या काळात उपचार सुधारले, आणि आपल्या शरीराचं काय चाललंय ते आम्हाला कळायला हवं, असं रुग्ण ठामपणे म्हणू लागले.

माझ्या एका रुग्णाची आठवण सांगतो. मुलाने त्यांच्या फाइलवरचं ‘कर्करोग विभाग’ हे नाव पांढऱ्या चिकटपट्टीने झाकलं होतं. मुलगा औषधं आणायला खाली गेला, तशी त्या गृहस्थांनी पट्टीची कड नखाने उचलली, मला दाखवली आणि पुन्हा नीट दाबून बसवली. म्हणाले, “मला कळलंय हे त्याला सांगू नका. त्याला सोसायचं नाही.” पुढचे सात आठवडे बाप आणि मुलगा एकाच खोलीत एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत राहिले. दोघांनाही रडता आलं नाही. याचं वाईट मला आजही वाटतं.

घरात काहीतरी बिनसलंय हे रुग्णाला कळतंच. फोन बाहेर जाऊन घेतले जातात, आपण आत आलो की बोलणं थांबतं. मग तो एकटाच अंदाज बांधत बसतो, आणि त्याचा अंदाज बहुधा रिपोर्टपेक्षा भयंकर असतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर हाताशी वेळ कमी असू शकतो. केमोथेरपी घ्यायची की नाही, दिवस घरी काढायचे की वॉर्डात, कुणाला भेटायचं, हे त्यांचे निर्णय आहेत. माहितीच दिली नाही, तर ते निर्णय आपोआप तुमचे होतात.

मात्र सांगायचं म्हणजे सगळं एका दमात समोर ओतायचं नाही. डॉक्टरांना म्हणा, आधी बाबांना एकच विचारा : “तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?” काही जण बारीकसारीक सगळं विचारतात. काही म्हणतात, “मला नको, मुलीशी बोला.” न जाणण्याचाही त्यांना हक्क आहे, फक्त तो त्यांनी स्वतः वापरायला हवा. त्या वेळी तुमच्यापैकी एकाने शेजारी बसा आणि हात हातात घ्या.

प्रश्न : सर्दी-खोकल्याला डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही. मागच्या आजारपणातल्या चार गोळ्या उरल्या आहेत. घेऊ का?

नका घेऊ. साधी सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. त्या चार गोळ्यांनी सर्दी एक दिवसही लवकर बरी होणार नाही. तुमच्या आतड्यातल्या जिवाणूंना मात्र औषधाशी झुंजायची तालीम मिळेल, आणि हा प्रतिकार ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्येच, नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात, अपुऱ्या मात्रेने जिवाणू निर्ढावतात हा धोका सांगून ठेवला होता. तुमच्या डॉक्टरांनी औषध दिलं नाही, हा त्यांनी नीट विचार करून केलेला उपचार आहे. दम लागला, छातीत दुखलं किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर मात्र लगेच परत जा.

प्रश्न : पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आईला स्ट्रेचरवरून आत नेताना तिच्यापुढे चार पानांचं संमतिपत्र धरलं. “इथे सही करा” एवढंच म्हणाले. चष्मा माझ्या पिशवीत होता. तिने केली सही. ऑपरेशन नीट झालं, पण मला राहूनराहून वाटतं, ही संमती खरी का?

चष्मा तुमच्या पिशवीत होता, या एका वाक्यात सगळं आलं. सही खरी आहे, संमती झालेली नाही. ऑपरेशन चांगलं झालं म्हणून ही चूक भरून निघत नाही. हा प्रश्न मनात ठेवलात आणि लिहिलात, हे फार बरं केलंत.

संमती म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात झालेलं बोलणं. कागद ही त्या बोलण्याची फक्त नोंद. त्यामागे फार वेदनेचा इतिहास आहे. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर 1947 मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेची संमती हवीच, हा तिचा पहिलाच मुद्दा. तरीही अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगी इथे 1932 मध्ये सुरू झालेला अभ्यास 1972 पर्यंत चालूच राहिला. त्यात सुमारे 600 गरीब कृष्णवर्णीय पुरुष होते आणि त्यांपैकी 399 जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. “तुमचं रक्त खराब आहे” एवढंच त्यांना सांगितलं गेलं. 1940 च्या दशकात पेनिसिलिन हाताशी आलं, तरी त्यांना ते दिलं नाही, कारण उपचारांविना आजार कसा वाढतो ते पाहायचं होतं. हे एका सरकारी आरोग्य खात्याने केलं. आरोग्यसेवेवर विश्वास ठेवा, असं लोकांना सांगताना आम्ही डॉक्टरांनी हे विसरता कामा नये.

रोजच्या उपचारांत किती सांगायचं, याचा एक चांगला निकष ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये मॉन्टगोमेरी खटल्यात दिला. मधुमेह असलेल्या गरोदर बाईला प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याचा धोका 9 ते 10 टक्के असतो, हे तिला सांगितलं नव्हतं. बाळाच्या मेंदूला इजा झाली. न्यायालय म्हणालं, डॉक्टरांना काय महत्त्वाचं वाटतं यावर थांबू नका. त्या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला जे महत्त्वाचं वाटेल, ते सांगायलाच हवं.

तुमच्या आईच्या बाबतीत हे बोलणं आदल्या दिवशी, ती बसलेली असताना आणि डोळ्यांवर चष्मा असताना व्हायला हवं होतं. ऑपरेशन कशासाठी, आत्ता केलं नाही तर काय होईल, दुर्बिणीतून जमलं नाही तर पोट उघडावं लागेल का, पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका किती, आणि ऑपरेशन नेमकं कोण करणार, एवढं तरी. त्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. जीव वाचवायची घाई असेल आणि रुग्ण बेशुद्ध असेल, तेव्हा संमतीसाठी थांबता येत नाही, हे खरं. पण आधी तारीख देऊन ठरवलेल्या ऑपरेशनला ही सबब चालत नाही. पुढे कधी अशी वेळ आली, तर “जरा थांबा, मला समजावून सांगा” म्हणायला कचरू नका. सही केल्यानंतरही, भूल देण्याआधी, रुग्ण नाही म्हणू शकतो.

प्रश्न : माझ्या मुलाच्या वर्गात जवळपास सगळ्यांनी गोवराची लस घेतली आहे. मग त्याला गोवर होणार कसा? त्याला उगाच का टोचायचं? लसीने ऑटिझम होतो, असंही वाचलं.

आधी ऑटिझमचं बोलू, कारण त्या भीतीने बरीच मुलं लसीविना राहिली आहेत. 1998 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फक्त 12 मुलांवरचा एक लेख आला आणि त्यातून हा संशय पसरला. त्या लेखातली माहिती चुकीची मांडली असल्याचं उघड झालं. 2010 मध्ये लेख मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही.

आता वर्गाचं. गोवराचा एक रुग्ण, आसपास कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, 12 ते 18 जणांना लागण देतो. रुग्ण खोली सोडून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत टिकू शकतो. त्यामुळे साथ रोखायला सुमारे 95 टक्के लोकांना प्रतिकारशक्ती हवी. म्हणजे सूट फक्त पाच टक्क्यांची आहे, आणि ती आधीच भरलेली असते. त्यात लसीच्या वयाला न पोहोचलेली तान्ही बाळं आहेत, केमोथेरपी चालू असलेली मुलं आहेत. लस घ्यायचीच नाही, असं त्यांनी ठरवलेलं नाही. त्यांना ती घेताच येत नाही. तुमच्या निरोगी मुलाने त्यांच्यातली एक जागा अडवावी, हे मला पटत नाही. आणि तुमच्यासारखाच विचार वर्गातल्या तीन-चार घरांनी केला, तर इतरांच्या लसीकरणाने उभी राहिलेली भिंत तुमच्या मुलासाठीही उरत नाही. लसीनंतर एक-दोन दिवस ताप, कधी अंगावर पुरळ येतं, हे सांगून ठेवतो. गोवरात न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, आणि शरीराने इतर रोगांविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्तीही बरीच पुसली जाते. दोन्ही डोस द्या.

प्रश्न : काही त्रास नाही, तरी दरवर्षी सगळ्या तपासण्या करून घेतलेल्या बऱ्या ना?

रक्तदाब, साखर आणि वयानुसार ठरलेल्या मोजक्या तपासण्या जरूर करा. ‘सगळ्या’ नको. समजा, हजार लोकांत पाच जणांना एखादा आजार आहे. तपासणी पाचही जणांना पकडते, पण निरोगी माणसांतल्या शंभरातल्या पाचांनाही चुकून आजारी ठरवते. म्हणजे पाच खरे आजारी आणि सुमारे पन्नास निरोगी, सगळ्यांच्या हाती सारखाच रिपोर्ट. त्या पन्नासांची झोप उडते, पुढे सुया, स्कॅन, कधी नको असलेलं ऑपरेशन. दक्षिण कोरियात थायरॉइडच्या सोनोग्राफीची लाट आली, तेव्हा 1993 ते 2011 या काळात थायरॉइड कर्करोगाची निदानं सुमारे 15 पट वाढली. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. तपासणीआधी डॉक्टरांना विचारा, “रिपोर्टात दोष निघाला तर पुढे काय करणार?” नीट उत्तर मिळालं नाही, तर ती तपासणी राहू द्या.

प्रश्न : मला फुप्फुसाचा क्षयरोग झालाय, उपचार सुरू होऊन चार दिवस झाले. ऑफिसात कुणाला कळू नये, असं मी डॉक्टरांना बजावलं होतं. तरी त्यांनी माझं नाव आरोग्य खात्याला कळवलं. हा विश्वासघात नाही का? घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी आहे.

तुमचा राग समजतो. पण आरोग्य खात्याला कळवणं आणि ऑफिसात कळवणं, यात फार अंतर आहे. क्षयरोगाची नोंद बहुतेक देशांत बंधनकारक असते. तुमच्या संपर्कातल्यांची तपासणी व्हावी आणि साधारण सहा महिन्यांचा उपचार मध्येच तुटू नये, यासाठी ती असते. ती माहिती त्याच कामापुरती वापरायची असते. ती ऑफिसात पोहोचली, तर तो विश्वासघात, आणि तिथे मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

इथे मला मेरी मॅलन आठवते. न्यूयॉर्कमधली ही स्वयंपाकीण विषमज्वराची (टायफॉइडची) वाहक होती, स्वतः ठणठणीत. 1907 मध्ये तिला पकडून बेटावरच्या रुग्णालयात ठेवलं. स्वयंपाक करणार नाही, या अटीवर 1910 मध्ये सोडलं. 1915 मध्ये ती नाव बदलून एका प्रसूती रुग्णालयात स्वयंपाक करताना सापडली, तिथे 25 जणांना लागण झाली होती. मग 1938 मध्ये मृत्यू येईपर्यंत ती बेटावरच राहिली. तिच्यामुळे माणसं मेली, हे खरं. पण जो आजार तिला स्वतःत जाणवतच नव्हता, तो तिला धीराने समजावून सांगणारं आणि तेवढ्याच पगाराचं दुसरं काम देणारं कुणी असतं, तर ती पुन्हा त्या स्वयंपाकघरात गेली असती का, हा प्रश्न मला सुटलेला नाही. लोकांना लपावंसं वाटू नये, ही आरोग्ययंत्रणेचीही जबाबदारी आहे.

ऑफिसात आजाराचं नाव सांगायची गरज नाही. कामावर कधी जायचं, ते डॉक्टर ठरवतील. योग्य औषधांनी साधारण दोन आठवड्यांत लागण देण्याची शक्यता खूप घटते. तोवर मास्क वापरा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

पण मुलीचा उल्लेख तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता केलाय, आणि मला सगळ्यात घाई तिचीच वाटते. पाच वर्षांखालच्या मुलांत क्षयरोग लवकर बळावतो आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. ती खेळती, हसती दिसत असली तरी तिला उद्याच बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि तुमचा रिपोर्ट सोबत असू द्या. आजार नाही असं ठरलं, तर तिला प्रतिबंधक औषध सुरू करतील. बायकोचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या.