आधी बुडबुड्याविना मोजा

जहाज गेल्यावर मागे पाण्यात बुडबुड्यांची वाट उरते; ती लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून ओळखायचा प्रयोग टाकीत करायचा असेल, तर बुडबुडे सोडायची घाई करू नकोस. आधी नुसत्या पाण्याचं मोजमाप घे. धूळ आणि शेवाळही प्रकाश विखुरतात, आणि नवशिक्या त्यालाच जहाजाची वाट समजतो. (मीही समजलो होतो.) लेझर हिरवा, ५३२ नॅनोमीटरचा घे, समुद्राच्या पाण्यात लाल फार लवकर शोषला जातो.

डिटेक्टर, म्हणजे विखुरलेला प्रकाश टिपणारं उपकरण, कुठे ठेवायचा, खरी गंमत तिथे आहे. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) १.३३, हवेचा १. म्हणून बुडबुड्यावर पूर्ण परावर्तन होतं आणि लेझरच्या पुढच्या दिशेपासून साधारण ८३ अंशांच्या आत विखुरणं जोरदार असतं. मागे परतणारा प्रकाश मात्र क्षीण. तोच पकडायचा असेल तर वेळेची खिडकी लाव, म्हणजे ठरावीक अंतरावरून प्रकाश परतेल तेवढ्याच वेळात डिटेक्टर मोजेल: पाण्यात एक मीटर जाऊन परत यायला सुमारे ९ नॅनोसेकंद लागतात. आणि मोजायचे ते बारीक बुडबुडे: मोठे पटकन वर जातात, बारीकच मागे रेंगाळतात.