केमोथेरपी चालू असताना त्रास कमी करण्यासाठी काढे, झाडपाल्याची औषधे द्यावीत का?

आपल्या आईंची केमोथेरपी सुरू आहे, मळमळ आणि तोंड येणे यांमुळे त्यांचे जेवण तुटले आहे, आणि नातेवाइकांनी सुचवलेले काढे द्यावेत का व ते डॉक्टरांना सांगावेत का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: सांगावेत, आणि देण्यापूर्वीच सांगावेत.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल हे केमोचे औषध सुरू होते. तिचे सासर अंबाजोगाईजवळचे. तिचे थोरले दीर शेतातल्या कडुलिंबावर चढलेली गुळवेल आणत, तिची बोटभर कांडे ठेचून रात्री भिजत घालत आणि सकाळी पाणी चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवत. तो कडूजहर काढा अक्का नाक दाबून पीत असे. त्यांच्या मायेबद्दल मला कधीच शंका नव्हती, कारण प्रत्येक सलाइनच्या दिवशी गाडी काढून तिला नेणारे तेच होते. पण डॉक्टर रागावतात म्हणून त्यांना काही कळू द्यायचे नाही, असे घरात ठरले होते. पुढच्या डोसआधीच्या रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य, बरेच वाढलेले निघाले आणि डोस पुढे ढकलला गेला. आणखी काय घेता, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा अक्काने दिरांकडे पाहिले आणि सगळेच गप्प राहिले. शेवटी मी सांगितले. काढा बंद झाला, आकडे उतरले, उपचार पुढे सुरू झाले. ते काढ्यामुळेच घडले असे डॉक्टरही ठामपणे म्हणाले नाहीत, कारण केमोच्या औषधानेही यकृतावर ताण येतो. पण दोन्ही एकाच वेळी चालू असताना दोष कोणाचा हे ओळखायचे कसे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. (गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या मुंबईतील रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली होती, आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता.)

झाडपाल्याने अपाय होत नाही, हे दिरांचे म्हणणे आजही कायम आहे आणि ते मला मुळीच मान्य नाही. अक्काला दिलेले पॅक्लिटॅक्सेल मुळात अमेरिकेतील यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून मिळाले, आणि रक्ताच्या कर्करोगात वापरले जाणारे व्हिन्क्रिस्टीन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून येते. या औषधांनी हातापायांना मुंग्या येतात, केस गळतात. झाडापासून आलेली असूनही ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कोणी देत नाही. लक्ष्मणफळाचेही तेच. सीताफळाच्याच कुळातले असल्याने आमच्या बालाघाटच्या माणसाला ते परके वाटत नाही, पण त्याच्या पानांत मज्जातंतूंना घातक असे द्रव्य असते, आणि केमोने आधीच मुंग्या येत असलेल्या रुग्णाला पानांचा काढा पाजणे मला सरळ चुकीचे वाटते.

आता मळमळीचे. आल्याला खरोखर आधार आहे. अमेरिकेत ५७६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज अर्धा ते एक ग्रॅम आल्याने केमोच्या दिवशीची मळमळ कमी झाली. मात्र त्या सर्वांना उलटीची नेहमीची औषधेही चालू होती, तेव्हा ऑन्डानसेट्रॉनसारखे उलटी थांबवणारे औषध बंद करून आल्यावर भागवू नये. अक्काला आल्याचा पातळ काप सैंधव लावून चघळायला बरा वाटे, आणि पोटात काही राहावे म्हणून ज्वारीची आंबील, कोमट आणि बिनतिखट, थोडी थोडी देत असू. तोंड आले असेल तर मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चुळा भराव्यात, आणि तेव्हा आले तोंडात धरू नये, ते झोंबते.

प्लेटलेट कमी झाल्या असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आलेसुद्धा विचारूनच द्यावे. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना गव्हांकुराचा किंवा कुठलाही कच्चा रस देऊ नये. आणि घरातले कोणी काही आणून देत असेल, तर त्याचे नाव, प्रमाण आणि वेळ वहीत लिहून ती वही पुढच्या भेटीत आपणच डॉक्टरांसमोर ठेवावी, आईंवर ते सांगण्याची वेळ आणू नये.